भेषजाची चिठ्ठी

ताप उतरवणारे डॉक्टर आमच्या बिरवाडीत पुष्कळ आहेत, पण औषधाआधी शब्दाचं मूळ गळी उतरवणारा माणूस एकच, आमच्या शेजारचे निवृत्त गुरुजी. माझं औषधांचं दुकान आहे. गुरुजी सकाळीच तिथल्या स्टुलावर ठाण मांडतात. पहिल्या पाळीला निघालेल्या कामगाराने खोकल्याची बाटली मागितली की ते सुरू होतात, "जुने लोक औषधाला भेषज म्हणत. भेष म्हणजे रोगाचं भय, ते जिंकतं ते भेषज." कामगाराची कंपनीची बस निघून जाते, खोकला तसाच राहतो. शिवाय त्यांचा फार राग गंडेदोऱ्यांवर. जवळच्या सव गावातल्या गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बुडालेल्या एका पाहुण्याला त्यांनी दंडावरच्या दोऱ्यावरून असं फैलावर घेतलं, की तो बिचारा ओल्या अंगानेच पळाला.

पोलादपूरच्या डोंगरात राहणाऱ्या माझ्या आत्याचा पाय मोडला होता. हाड जुळलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण पुन्हा पडेन या धास्तीने ती खाटेवरून उतरेना. ती कायमची अंथरुणाला खिळणार, या विचाराने माझा जीव खालीवर होत होता. शेवटी गुरुजींना घेऊन गेलो. त्यांनी तासभर भेषज समजावलं आणि अर्थासकट कागदावर लिहून दिलं. आठ दिवसांत आत्या आपल्या पायांनी विहिरीवर जाऊन आली. गुरुजींनी दुकानात पेढे वाटले. नुसत्या शब्दाने माणूस चालवला, हे त्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकावं लागलं.

मग आत्या स्वतःच दुकानात आली. ती चिठ्ठी घडी घालून, काळ्या दोऱ्यात गुंडाळून तिने दंडाला बांधली होती.

"गुरुजी, तुमचा दोरा लय गुणाचा हाय," ती म्हणाली. "आता भ्या वाटत नाय."

गुरुजी फैलावर घ्यायला म्हणून उठले आणि पुन्हा बसले.

यंदा गुरुजींच्याच हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी आत्याला घेऊन इस्पितळात भेटायला गेलो, तर ते घरी परत न्या म्हणून मागे लागले. आत्याने आपल्या दंडावरचा दोरा सोडला. गुरुजींनी दंड पुढे केला. ऑपरेशनसाठी नर्सने काढून ठेवलेला तो दोरा त्यांनी शुद्धीवर येताच मागून घेतला.

आता ते पुन्हा खणखणीत होऊन स्टुलावर बसतात, भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घालून. पण भेषजाचं मूळ हल्ली सांगत नाहीत. आलेल्या माणसाला जवळ बोलावून हळूच विचारतात, "भीती वाटते का रे?" ते पाहून बरं वाटतं, तरी त्यांच्या जुन्या व्याख्यानाची मला फार आठवण येते.