बूट घालून काट्यावर

माझ्या व्याह्यांइतका काळात मागंपुढं हिंडलेला माणूस अख्ख्या वसई तालुक्यात शोधून सापडायचा नाही, आणि हे सगळं हिंडणं त्यांनी कळंबची आपली वाडी फारशी न सोडता केलेलं आहे. इतर लोकांचे व्याही मानपानावरून रुसतात, आहेरावरून तोंड फिरवतात. माझे व्याही एका टीव्ही मालिकेवरून रुसतात. लग्नाच्या बैठकीत सगळी मंडळी पोहे खात असताना हे एकटे उभे होते. मला वाटलं, आता काहीतरी मागणी येणार. त्यांनी मला खिडकीजवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "तुमी 'गेल्या सालचं तिकीट' बगायचात काय?" समोर मुलीचं लग्न. मी म्हणालो, "म्हणजे काय! एक भाग चुकवला नाही." त्यांनी तिथल्या तिथं माझा हात धरला आणि आतल्यांना सांगितलं, "पसंत हाय." खरं सांगायचं तर मी त्या मालिकेचे जेमतेम दोन भाग पाहिले होते. ही थाप अजून उघडी पडलेली नाही, पण तिची शिक्षा मात्र मी नित्यनेमानं भोगत आलो.

ज्यांनी ती मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, म्हणजे व्याह्यांनी मला जे सात वेळा विस्तारानं सांगितलं ते. टीव्हीला एकच वाहिनी होती त्या काळातली गोष्ट. पोस्टातला एक कारकून स्टेशनवरच्या वजनकाट्यावर उभा राहतो, नाणं टाकतो, दिवे लुकलुकतात, आणि बाहेर येणाऱ्या तिकिटावर वजनाऐवजी साल छापलेलं असतं. त्या सालात तो जाऊन पडतो. वजन बरोबर यावं म्हणून काट्यावर चढण्याआधी तो चपला काढतो, तशी आपल्याकडं रीतच होती. त्यामुळं बिचारा सगळ्या इतिहासात अनवाणी हिंडतो. तेव्हा कळंबमध्ये त्यांच्या आळीत एकच टीव्ही होता. अठरा वर्षांचे व्याही आपल्या आठ वर्षांच्या धाकट्या भावाला खांद्यावर घेऊन बघायला जात, कारण गर्दीत धाकट्याला दिसायचं नाही.

आता इतक्या वर्षांनी कुणीतरी ती मालिका पुन्हा काढली. मोबाईलवर, दहा भागांची, दर शनिवारी दुपारी बाराला एक. वजनकाट्याच्या जागी काचेची नळी आणि निळा उजेड, कारकुनाच्या जागी एक तरुण मुलगी. ती आली आणि आमच्या घरातली शनिवारची दुपार गेली. व्याही भाग कधी बसून बघत नाहीत. मोबाईल हातात धरून विहिरीपासून गोठ्यापर्यंत आणि गोठ्यापासून विहिरीपर्यंत येरझाऱ्या घालत बघतात. तिसऱ्या भागात मोगऱ्याच्या वाफ्यात शिरले, चौथ्या भागात पाण्याच्या पाटात पाय घालून पडले. पडल्या पडल्याही मोबाईल वर धरून होते, असं आमच्या लेकीनं सांगितलं. भाग संपला की स्कूटर काढायची आणि थेट विरारला फुलपाड्यात आमच्याकडं. मी ताटावर बसलेलो असायचो.

"जेवायला बसा," आमची ही म्हणायची.

"बसाय येल नाय, विहीणबाय. बोलून निगतंय."

वेळ नाही म्हणायचे आणि दोन तास बोलायचे. तेही उभ्यानं, गॅलरीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून गॅलरीत. जाता जाता फ्रिजवरचं लोहचुंबक सरळ करायचे, नळाची गळती बघायचे, खिशातून पेचकस काढून दाराची कडी घट्ट करायचे. मालिका चालू असेपर्यंत आमच्या घरातला एकही स्क्रू ढिला राहिला नाही. त्यांच्या मागं मान फिरवून फिरवून मी मात्र पट्टा लावायच्या बेताला आलो होतो.

त्यांचा मुख्य आक्षेप त्या मुलीच्या बुटांवर होता. ती बूट घालून नळीत शिरते. "बाई हाय म्हनून माजा काय बोलना नाय," ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून म्हणायचे, "बाई शंबर टक्के पायजे. पन बूट काडाय नको? अवो, त्याच्या चपला हितं राह्यच्या, म्हनून तो परत यायचा! हिचा मागं काय राह्यलाय? ही कशाला परत यील?" मी घास हातात धरून म्हणायचो, "मुद्दा आहे." आणि खरंच मुद्दा होता. पोटात भूक नसती तर मी त्यावर विचारही केला असता.

हे सगळं मला सांगून त्यांचं भागत असतं तरी चाललं असतं. पण हेच सगळं ते घरी जाऊन ग्रुपवर लिहायचे, आणि ग्रुपवर त्यांचा धाकटा भाऊ होता. इथं थोडं मागं जावं लागेल. दोघा भावांची घरं एकाच वाडीत, मध्ये मेंदीचं कुंपण. विहीर सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. धाकट्यानं आपल्या वाट्यातली सोनचाफ्याची झाडं काढून पर्यटकांसाठी चार कॉटेजं बांधली, त्या दिवशी थोरल्यानं त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याला नऊ वर्षं झाली. नऊ वर्षांत दोन लग्नं आणि एक बारावं झालं, पण दोघांमध्ये शब्द नाही. आमची लेक त्या घरात गेल्यावर तिनं बरेच उपाय केले आणि सगळे फुकट गेले. मग ही मालिका आली. तिनं मालिकेवरच्या चर्चेचा ग्रुप काढला, त्यात मला, जावयाला आणि सासऱ्यांना घातलं, आणि चुलतसासऱ्यांचा नंबर 'चुकून' घातला. पोरगी माझी आहे, तिची चूक कुठली आणि डाव कुठला हे मला बरोबर कळतं.

पहिल्या भागानंतर व्याह्यांनी बुटांवर दोन पानं लिहिली. पाच मिनिटांनी धाकट्यानं तीन पानं लिहिली. म्हणे, जुना कारकून नुसता परत यायच्या काळजीत असायचा, त्यामुळं त्यानं धड काही पाहिलंच नाही; ही मुलगी निदान पुढं तरी जाते. झालं, जुंपली. कुंपणाच्या अलीकडं एक अंगठा चालतोय, पलीकडं दुसरा, मधलं अंतर तीस पावलांचं. आठव्या भागानंतर तर कमाल झाली. पाणी व्याह्यांच्या पाळीचं होतं. पण ते लिहिण्यात इतके गढले की पाटाचं तोंड फिरवायचं राहिलं, आणि दुपारभर त्यांच्या पाळीचं पाणी धाकट्याच्या केळींना गेलं. संध्याकाळी ग्रुपवर धाकट्याचा निरोप आला, "पाणी पोचलं. पण आठव्या भागाबद्दल तुझं साफ चुकतंय." नऊ वर्षांत मालिका सोडून एवढं एकच वाक्य तो थोरल्याशी बोलला होता. व्याह्यांनी ते मला फोन करून तीनदा वाचून दाखवलं.

त्यापुढच्या शनिवारी मी वैतागून म्हणालो, "व्याही, इतकी भिकार आहे तर बघता कशाला?"

ते चालता चालता थांबले. "भिकार कोन बोलला? चांगली हाय की. मना तर जुनीहून बरी वाटतं."

मी घास खाली ठेवला. "मग हे बूट, ही दोन-दोन पानं?"

"तुमी पन ना व्याही!" ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "मी चांगली बोललो तं तो लिवनार, 'हो.' हो च्या पुडं मानूस काय लिवनार? भांडलो तं तीन पानं लिवतो." मग कडीला पेचकस लावत म्हणाले, "आता येकच भाग राह्यला."

तेव्हा मला त्यांची सगळी तगमग कळली, आणि नऊ शनिवार मी या माणसाला मनातल्या मनात शिव्या दिल्या याची लाज वाटली.

शेवटच्या भागाच्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना कळंबला जेवायलाच बोलावलं. बाराला भाग सुरू झाला, आणि आम्ही ओट्यावर बसून त्यांच्या येरझाऱ्या बघत राहिलो. शेवटी काय व्हावं? ती मुलगी नळीसमोर उभी राहिली, खाली वाकली, बूट काढून बाजूला ठेवले आणि अनवाणी आत गेली. मी टाळी वाजवली. "व्याही, जिंकलात!" त्यांचं तोंड मात्र उतरलं होतं. ते काही लिहिण्याआधीच ग्रुपवर धाकट्याचे शब्द आले. तीन पानं नाहीत, एकच ओळ. "दादा, तू म्हणत होतास तेच बरोबर."

व्याह्यांनी ती ओळ वाचली. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले. "हारला नाय तो," म्हणाले. "कंटालला. आता काय लिवू? 'हो' लिवू?" विहीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. लेक माझ्याकडं बघत होती, पण या बाबतीत मी काय सांगणार? जेवण निवत होतं आणि कुणीही पानावर बसायला तयार नव्हतं. व्याही चार शब्द लिहायचे आणि पुसायचे. शेवटी त्यांनी जे लिहिलं ते माझ्याही मोबाईलवर उमटलं. "नाय. तू बोलत होतास ते बरोबर. मना पैल्या भागापासून नवीच आवडली. तुजी कॉटेजं पन चांगली दिसतात."

त्यानंतर ग्रुपवर काहीच आलं नाही. दोन मिनिटं गेली, पाच गेली. मग कुंपणापलीकडून एक जाड, चिडलेला आवाज आला, "मंग येवडा भांडलास कशाला?"

दहा आठवडे एकेका मुद्द्यावर दोन-दोन पानं लिहिणाऱ्या आमच्या व्याह्यांनी मोबाईल ओट्यावर ठेवला. ते कुंपणाशी गेले आणि मेंदीची पानं खुडत उभे राहिले. पलीकडं धाकटाही येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस, डोळे लाल. मग धाकटाच म्हणाला, "जेवलास काय?" आम्ही आत वळलो, कारण तिथं उभं राहणं बरं दिसलं नसतं.

या गोष्टीला आता चार महिने झाले. लेक सांगते, दोघं रोज संध्याकाळी बोलतात, केळीवरच्या रोगाबद्दल, कॉटेजच्या गिऱ्हाइकांबद्दल, कुणाकुणाच्या तब्येतीबद्दल. मालिकेचं नावही निघत नाही. ग्रुप ओस पडला आहे. शनिवारी आम्ही दोघं शांतपणे जेवतो, आणि जेवण लवकर संपतं. परवा मात्र राहवेना. मी इंटरनेटवर शोधून ती जुनी मालिका काढली, पहिल्या भागापासून सगळी पाहिली, आणि मलाही एक-दोन मतं सुचली. कारकुनाच्या वागण्यात मला एक मोठी चूक सापडली होती. लगेच व्याह्यांना फोन लावला.

"व्याही, आता बोलाय येल नाय," ते घाईघाईनं म्हणाले. मागं कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. "धाकटा आलाय."

मी म्हटलं, "असू दे, असू दे. सावकाश." आणि फोन ठेवून दिला.