सोलापूर ते जळकोट, बावीस फुटी आढ्याबरोबर

सोलापूरच्या वखारीतून जळकोटकडं लांब लाकूड न्यायचं ठरवलं असेल, तर आधी एवढं ऐका: बूड पुढं, शेंडा मागं. आम्ही उलटं केलं, आणि त्याचा राग हे लिहितानाही माझ्या डोक्यातून उतरलेला नाही.

गावातल्या मठाचं छप्पर नव्यानं चढवायचं होतं. माथ्यावरचं सागाचं आढं आणायला मी आणि माझे चुलते चनबसप्पाकाका गेलो. लढाईमुळं पेट्रोलची मारामार. कोळशाच्या गॅसवर चालणारी हमीदभाईंची छोटी मालमोटार मिळाली हेच नशीब. हौदा नऊ फुटांचा आणि आढं बावीस.

हमीदभाई म्हणाले, "काका, हे जड बूड टपावर येऊ द्या. मागं वजन लोंबलं की पुढची चाकं हलकी पडतात. चढाला गाडी ऐकत न्हाय."

काकांनी वखारीतच आढ्याला हळदकुंकू लावलं होतं. "शेंडा म्हंजी त्याचं तोंड. देवाच्या दारी पाठमोरं न्यायचं व्हय? आमच्या बापजाद्यांनी शेंडा पुढं ठिवूनच आणलं."

बापजाद्यांनी बैलगाडीतून आणलं होतं, आणि बुडाला खांदा द्यायला चार माणसं मागं चालत होती. लहानपणी हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. तरी गप्प बसलो, कारण आमच्या घरात काकांपुढं कुणी बोलत नाही. हमीदभाईंनी दोर तीन ठिकाणी आवळला आणि लोंबत्या बुडाला लाल फडकं बांधलं.

निजामाच्या हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर तासभर मोडला. कारकुनानं आढं चारदा मोजलं, चारदा बावीसच भरलं. शिक्का मारताना तोही म्हणाला, "उल्टा कायकू बांधे?" काका दुसरीकडं बघत बसले.

पुढं सडक खडीची, पण बरी. अणदूरला जेवून घ्या. भाकरी, शेंगाची चटणी आणि घट्ट वरण मिळतं. आम्ही सावलीत मांडी घालून जेवलो. हमीदभाईंनी उभ्यानंच चार घास खाल्ले आणि पुन्हा दोर चाचपायला गेले.

नळदुर्गच्या चढाला व्हायचं तेच झालं. पुढची चाकं हलकी पडली, वळणावर गाडी वळेना. हमीदभाईंनी ब्रेक दाबून ती कशीबशी थांबवली आणि चाकाला दगड लावायला मागं धावले. तेवढ्यात दोर सरकला, आढं मागं घसरलं आणि हौद्याच्या मागच्या फाळक्यावर टेकलेला त्यांचा उजवा हात त्याच्याखाली चेंगरला.

"आधी दगड लावा," एवढंच ते म्हणाले. मी दगड लावला. मग आम्ही दोघांनी आढं उचलून हात सोडवला. दोन बोटांचा चेंदा झाला होता.

नळदुर्गच्या दवाखान्यात पट्टी झाली. सडकेवरच्या गडीमाणसांनी हातभार लावून आढं फिरवलं: बूड टपावर, शेंडा मागं. हमीदभाई एका हातानं गाडी चालवत होते, तरी जळकोटपर्यंत ती कुठं हलली नाही की डुलली नाही.

वेशीत गावचे आठजण उभे होते. काका शांतपणे म्हणाले, "हितं उतरवा. फिरवून शेंडा पुढं करा आन् खांद्यावर मठात न्या. त्यात काय एवढं?"

हमीदभाई डाव्या हातानं विडी पेटवत होते. ती पेटायच्या आत आढं फिरलं.

माझं डोकं भणाणलं. जन्मात पहिल्यांदा मी काकांवर ओरडलो, "हे सोलापुरात का न्हाय सुचलं तुम्हाला?"

"मला न्हाय सुचलं," काका म्हणाले. "तुला तर ठावं होतं. तू का न्हाय बोललास?"

आढं आता मठावर चढलंय. येणारा जाणारा मान वर करून वाखाणतो, आणि मला तिथून उठून जावंसं वाटतं. हमीदभाईंची ती बोटं वाकत नाहीत. परवा ते मठाचे उतरवलेले जुने वासे गाडीत भरायला आले. काका ओट्यावर बसलेले. उरलेल्या बोटांत दोर धरून हमीदभाईंनी काकांना नाही, मला विचारलं, "बोला, कसं बांधू?"

"बूड पुढं," मी म्हणालो, गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्यानं.