मार्टाचं मत

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही—आणि आईला तर मी भाजीवाल्याशी झालेलं भांडणसुद्धा सांगते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखता? उज्जैनला माधव नगरात राहत असाल तर ओळखत असाल. हळदीकुंकवाला बायकांना ब्रेक्झिट समजावून सांगणारी ती बाई—तीच मी.

हसू नका. आमच्याकडे कुठे पोटनिवडणूक लागली, कुणाची कुणाशी आघाडी झाली, की माझी गोष्ट निघतेच. मग मी सांगते—ब्रिटनमध्ये आम्ही राहायचो त्या गावात पोटनिवडणूक लागली होती. युरोपीय संघात राहायचं म्हणणारे तीन पक्ष, त्यातल्या दोघांनी आपला उमेदवारच उभा केला नाही. सगळी मतं एका बाईच्या मागे गेली. बाहेर पडा म्हणणाऱ्यांची मात्र दोन पक्षांत फुटली, आणि आघाडी जिंकली. शेवटी, जरा थांबून—त्यात एक मत माझंही होतं! जोशीकाकू कौतुकाने म्हणतात, "देखा! आपल्या उज्जैनच्या पोरीने तर तिकडची सरकारच हिलवून टाकली!" मी लाजल्यासारखं करते. गोष्ट खरी आहे. शेवटचं वाक्य सोडून.

पण आधी मार्टाबद्दल सांगायला हवं. तेच टाळते आहे.

मार्टा आमची तिथली शेजारीण, पोलंडची. नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही गेलो, तेव्हा तिला त्या गावात बरीच वर्षं झाली होती. ईशानच्या वेळी बाळंतपणाला आई यायची होती. डिंक, खारीक, बाळंतशेपा—सगळं देवास गेटच्या बाजारातून आणून बांधून ठेवलं होतं तिने. व्हिसा नाकारला. पुन्हा अर्ज केला, पुन्हा नाकारला. मग माझं बाळंतपण केलं ते मार्टाने. ईशानला तेल लावून न्हाऊ कसं घालायचं हे ती आईकडून व्हिडिओ कॉलवर शिकली. आई इकडून हातवारे करायची, ती तिकडे करून दाखवायची. दोघी हसायच्या. आणि मी? मी पडल्या पडल्या एकच गोष्ट मोजत होते—हिची आई मनात आलं की विमानात बसते आणि येते. ना अर्ज, ना रांग.

हेवा वाटायचा मला. दुसरा शब्द शोधून पाहिला, नाही सापडला.

तिथला कायदा मजेशीर आहे. आपण त्यांच्या जुन्या साम्राज्यातले, म्हणून भारताचा पासपोर्ट असूनही मला मत होतं. मार्टाला, इतकी वर्षं कर भरूनही, खासदार निवडायला मत नव्हतं. युरोपात राहायचं की बाहेर पडायचं, त्या सार्वमतातही नव्हतं. सार्वमतात मी 'बाहेर पडा'वर फुली मारली. दारावर आलेल्या एका प्रचारकाने सांगितलं होतं, युरोपवाल्यांचं दार बंद झालं की तुमच्या लोकांचं उघडेल. मला ते पटलं होतं, की पटवून घ्यायचं होतं? ते एक वेळ सोडून देऊ. तेव्हा मी कुणाला शब्द दिला नव्हता.

पोटनिवडणुकीच्या वेळी दिला.

मार्टाची धाकटी बहीण पोलंडमध्ये नर्सिंग शिकत होती. शिक्षण संपलं की मार्टाकडे राहायला येणार, तिच्यासाठी खोलीसुद्धा पिवळ्या रंगाने रंगवून झाली होती. देश युरोपातून बाहेर पडला तर ते सगळं राहून जाणार होतं. आघाडी जाहीर झाली तशी मार्टा पत्रकं घेऊन दारोदार फिरायला लागली. एका दुपारी माझ्या स्वयंपाकघरात आली. मला मत नाही, म्हणाली, तुझं मला दे. मी हो म्हटलं. एवढ्यावर भागलं असतं—पण मला माझा चांगुलपणा मिरवायचा होता ना! मी ओट्यावरच्या फोटोकडे हात केला आणि महाकालची शपथ घेतली. आमच्या गावात ही शपथ कुणी उगीच घेत नाही, हे मार्टाला माहीत होतं. मीच सांगितलं होतं. तिचे डोळे भरून आले.

तिथे मतदानाला दोरी बांधलेली पेन्सिल असते. बोटाला शाई लावत नाहीत. बाहेर आल्यावर अंगावर कसलीच खूण राहत नाही. आघाडीच्या बाईचं नाव माझ्यासमोर होतं. त्या दिवशी मी रागात नव्हते—रागात असते तर निदान तसं सांगता आलं असतं. मला आईच्या व्हिसाचा तो कागद आठवला, ती पिवळी खोली आठवली, आणि वाटलं, हिला तरी का मिळावं? बाहेर पडा म्हणणाऱ्या नव्या पक्षाच्या माणसावर मी फुली मारली. फिकट वाटली म्हणून पेन्सिल पुन्हा एकदा फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्टा अनवाणी धावत आली. आपण जिंकलो! आपण, म्हणाली. मला मिठी मारली, ईशानला उचलून गरगर फिरवलं. मीही तिला घट्ट धरलं. वर म्हटलं, बघ, महाकालने ऐकलं. देवालाही सोडलं नाही मी.

पुढे ती आघाडी टिकली नाही. मोठी निवडणूक आली, जागा गेली, देश बाहेर पडला. बहीण आली नाही. त्या पिवळ्या खोलीत मार्टा सायकली ठेवायला लागली. माझ्या आईलाही व्हिसा मिळाला नाही, शेवटी आम्हीच परत आलो. माझ्या एका मताने यातलं काही घडलं नाही, हे मला कळतं. पण ते मत माझं होतंच कुठे? तिने ते विश्वासाने माझ्या हातात दिलं होतं. आई अजूनही संध्याकाळी दिवा लावताना मार्टाचं नाव घेते. मी तेव्हा आत निघून जाते.

मागच्या महिन्यात मार्टाचा मेसेज आला. ती कायमची पोलंडला चालली आहे, बहिणीजवळ. घर आवरताना ती पत्रकं सापडली म्हणे. पुढे लिहिलं होतं—इतक्या वर्षांत या देशात माझं एकच मत पडलं, ते तुझ्या हाताने.

 खरं सांगायला दोन ओळी पुरल्या असत्या. लिहिल्या, आणि पुसल्या. मग लिहिलं—हो, ते तुझंच होतं. पाठवलं. तिने लगेच लाल बदाम पाठवला.

परवाच्या हळदीकुंकवाला जोशीकाकूंनी पुन्हा ती गोष्ट सांगायला लावली. मी सांगितली. शेवटच्या वाक्यासकट.