पळा, जावईबापू, पळा!

शिस्तीच्या या सिंगापूर बेटावर माझ्या सासऱ्यांइतका बेशरमपणे सुखी माणूस कुणी पाहिला असेल तर त्याने पुढे यावं, मी त्याला वर्षभर जेवायला घालीन. निवृत्त माणसाने सुखी असायला माझी हरकत नाही. पण काही मर्यादा? माझ्यासारखा कर्तबगार जावई रॅफल्स प्लेसच्या बँकेत तिळतिळ झिजत असताना या गृहस्थांनी कुठल्या तोंडाने गुबगुबीत व्हावं?

सासूबाई गेल्यावर बायकोने त्यांना पुण्याहून आणलं आणि मला बजावलं, "बाबा इथे रमले नाहीत तर परत जातील, आणि त्या फ्लॅटमध्ये एकटेच भिंतीकडे बघत बसतील. त्यांना जप." जप! मी योगवर्ग शोधला, वाचनालय शोधलं, महाराष्ट्र मंडळातल्या ज्येष्ठांचा भजनाचा गट शोधला. त्यांनी स्वतःच शोधला एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनसमोरचा बाक.

सासरे पिंपरीच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. जन्मभर फाटकात उभं राहून उशिरा येणाऱ्यांच्या नावापुढे लाल खूण केलेली. आता रोज सकाळी प्लास्टिकच्या पिशवीतला चहा दोरीने बोटाला लटकावून ते बाकावर बसत आणि ऑफिसला पळणारं सबंध सिंगापूर बघत. "खूण करायची नाही, नुसतं बघायचं. केवढं सुख आहे हो!" हे कुणाला सांगायचं, तर धापा टाकत जाणाऱ्या मला! वर चारचौघांत आरोळी, "पळा, जावईबापू, पळा! गाडी आली!" पुढे पुढे तर स्टेशनवरचा मलय कर्मचारीसुद्धा मला बघून "पळा" म्हणू लागला. अस्खलित मराठीत!

बाकावर त्यांना जोडीदारही मिळाला. सत्तरीचा चिनी म्हातारा, गळ्यात कायम टॉवेल. त्याला मराठी येईना, यांना चिनी येईना, आणि दोघांचं तासन्‌तास जमे. हे रोज त्याच्यासाठी चहाची दुसरी पिशवी घेत. तो आमच्याच इमारतीत राहायचा म्हणे! मी इतकी वर्षं तिथे राहतोय, मला समोरच्या दाराचं आडनाव माहीत नाही. संताप नाही येणार?

मग तो प्रकार घडला. एका संध्याकाळी घरी येतो तर इमारतीखालच्या मोकळ्या जागेत मांडव, गोल टेबलं, पत्ते खेळणारी मंडळी, आणि मधोमध आमचे सासरे. माझ्या लग्नातलं लालभडक जाकीट घालून शेंगा सोलतायत!

"या जावईबापू! कुणाचं लग्न आहे माहीत नाही, पण व्यवस्था फार चांगली. मानपान नाही, रुसवेफुगवे नाहीत. नवरी तेवढी दिसली नाही."

त्यांना जेवायला बोलवायला आलेली माझी लेक किंचाळली, "आजोबा, धिस इज फ्यूनरल, लाह! रेड कॅनॉट!"

चिनी मयताच्या मांडवात लाल, म्हणजे आनंदाच्या रंगाचं जाकीट! मी त्यांना दंड धरून उठवलं. तेवढ्यात आतला पडदा सरकला आणि फुलांमधला फोटो दिसला. गळ्यात टॉवेल नव्हता, म्हणून ओळखायला क्षणभर लागला.

सासऱ्यांनी हळूच जाकीट उतरवून घडी घातली. "तरीच इतके दिवस आला नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, लेकीकडे गेला असेल."

म्हाताऱ्याची ती लेक समोरच, फोटोशेजारी उभी होती. आता ही शिव्या घालणार म्हणून मी मान खाली घातली. तिने त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "यू द टी अंकल, इझिट?"

दुसऱ्या सकाळी सासरे बाकावर गेले नाहीत. तिसऱ्याही नाही. मग जेवताना म्हणाले, "आता पुण्याला जावं म्हणतो." बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्या म्हाताऱ्याला मीच मारलं.

माझं डोकं सणकलं. सकाळी उठून थेट त्यांच्या पांघरुणालाच हात घातला. "बाबा, उठा! कुणी ओरडत नाही म्हणून माझी दोनदा गाडी चुकली. नोकरी गेली तर तुमच्या लेकीला काय सांगू?"

आले. सवयीने चहाच्या दोन पिशव्या घेतल्या, बाकावर बसले, आणि दुसऱ्या पिशवीचं काय करावं ते त्यांना कळेना.

मी त्यांच्या शेजारी बसलो. वर फलाटावर गाडी आली, गेली.

"जावईबापू, उशीर होतोय."

"होऊ द्या. तुम्ही खूण करणार आहात का?"

त्यांनी पळणाऱ्या माणसांकडे एकदा पाहिलं. मग ती दुसरी पिशवी त्यांनी माझ्या बोटाला अडकवली. चहा भयंकर गोड होता. त्या म्हाताऱ्याला तसाच लागायचा.