भाताचा नवस

आकारामला सिनेमाचं वेड लागलं कोल्हापुरात. तिथे एका स्टुडिओत दोन वर्षं तो कॅमेऱ्याच्या पेट्या उचलत होता आणि पेट्या उचलता उचलताच आपण दिग्दर्शक झालो, अशी त्याची खात्री पटली. पुढे सांगलीत फोटोचं दुकान टाकलं तरी डोक्यातलं खूळ काही जाईना. १९४३च्या उन्हाळ्यात त्याने हाताने फिरवायचा एक जुनाट कॅमेरा पैदा केला आणि स्वतःचा सिनेमा काढायला मेढ्याजवळच्या आपल्या गावी येऊन धडकला.

कथा त्याचीच. रुसून घर सोडून गेलेला मुलगा, आणि तो परत यावा म्हणून देवीला नवस बोलणारी आई. मुलाचं काम सांगलीचा त्याचा दोस्त दस्तगीर करणार होता. आईच्या कामाला कुणी बाई मिळेना, तेव्हा या शहाण्याने आपली खरीखुरी आई, धोंडुबाई, देवळात नेऊन उभी केली.

"आये, नुसते ओठ हलीव. ह्यात आवाज येत न्हाई."

"देवीपुढं खोटे ओठ हलवू व्हय रं?" म्हणत म्हातारीने पदर पसरला. कॅमेऱ्याकडे ढुंकूनही न बघता ती म्हणाली, "आई, माजा ल्योक घरी येईस्तवर मी भाताचं शीत तोंडात घालणार न्हाई."

तिच्या डोळ्यांना धार लागली. आकाराम मनातल्या मनात नाचत होता. असा अभिनय कुठल्या नटीला जमला असता? तो अभिनय नव्हताच, एवढं मात्र त्याच्या टाळक्यात शिरलं नाही.

मुलगा परत येतो तो शेवटचा प्रवेश राहिला आणि फिल्म संपली. लढाईमुळे नवी मिळेना. दस्तगीर सांगलीला गेला. आकाराम निघाला त्या दिवशी धोंडुबाईने त्याला भात वाढला आणि स्वतः नाचणीची भाकरी घेतली.

"आये, तुला भात?"

"नवस हाय न्हवं. पोरगं कुठं आलंय अजून?"

आकाराम हसला. "आगं, ते सोंग हुतं."

"सोंग तुमचं. देवी काय सोंगातली हाय?"

दिवाळीला आला तेव्हाही तिच्या ताटात भाकरीच होती. संक्रांतीलाही तेच. दात गेलेल्या तोंडाने ती भाकरी भिजवून चघळायची आणि आकाराम आपल्या ताटातला भात चिवडत बसायचा. पुढच्या पावसाळ्यात तिने तापाने अंथरूण धरलं. वैद्य म्हणाले, भाताची पेज द्या, दुसरं काही पचणार नाही. तिने तोंड मिटून घेतलं. चार दिवस पाण्यावर राहिली. आपल्या हौसेपायी आई मरणार, हे आकारामला लख्ख दिसायला लागलं. फिल्मसाठी त्याने कोल्हापूर पालथं घातलं. हातभरही मिळाली नाही.

शेवटी तो दस्तगीरला आणि रिकामा कॅमेरा घेऊन आला.

"मला हे बरं वाटत न्हाई गड्या," दस्तगीर म्हणाला. "देवी तुमची असली म्हणून काय झालं? फसवणूक ती फसवणूकच."

"मग मरू दिऊ तिला?"

दस्तगीर उंबरा ओलांडून आत आला, खाटेशी वाकून त्याने तिचे पाय धरले. "आये, आलो गं." आकाराम दांडी फिरवत राहिला. धोंडुबाईने दस्तगीरला पोटाशी धरलं, क्षणभर कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पेज आणा रं."

म्हातारी उठून बसली, हिंडू-फिरू लागली. आकाराम मात्र मनातून खचला तो खचलाच. एका झटक्यात आईला फसवलं, देवीलाही फसवलं. गावी आला की देवळाची वाट टाळायचा, जत्रेच्या दिवशी हटकून त्याचं पोट दुखायचं. कॅमेरा त्याने पुन्हा उघडला नाही.

१९४९ साली धोंडुबाई थकली. आज सांगितलं नाही तर जन्मभर सांगता येणार नाही, म्हणून एका दुपारी तिच्या पायाशी बसून आकाराम बोलला.

"आये, त्या दिवशी पेटीत फिल्म न्हवती."

"ठावं हाय."

"कसं?"

"भरलेलं जातं आन् रिकामं जातं, आवाज कळत न्हाई व्हय मला? देवळात तुजी पेटी घरघरत हुती. घरात नुसती खडखडली."

"मग पेज का प्यालीस?"

"तुजं त्वांड बघवंना. देवीला म्हनलं, नवस मी मोडला, पोराला हात लावू नगंस. तवापासनं मी बी देवळात गेले न्हाई. कुठल्या तोंडानं जाऊ?"

पाच वर्षं आकाराम स्वतः देवळाची वाट चुकवत होता. आई तरी तिकडे जाते का, हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.