गुहेचं छत

खाणीत तीस वर्षं उतरलो, पण बायकोला खाण कधी दाखवता आली नाही. बाहेरच्या माणसाला खाली न्यायची सोयच नव्हती. ती विचारायची, "खाली काय रायते हो?" मी हातपाय धुता धुता सांगायचो, "काई नाई. अंधार रायते. जेवाले वाढ." तिचं समाधान कधीच झालं नाही. मी निवृत्त झाल्यावर तर तिने धोशाच लावला.

म्हणून घुग्घुसचे आम्ही चार निवृत्त खाणकामगार आपापल्या बायकांना घेऊन आलापल्लीकडच्या जंगलात पाण्याची गुहा पाहायला गेलो. तिथला एक मासेमार डोंग्यात बसवून लोकांना आत फिरवून आणतो. खाण नाही तर नाही, जमिनीच्या पोटातला अंधार तरी तिला दाखवू, असा माझा बेत होता.

बेत गुहेच्या तोंडाशीच फसला. आमच्यातला एक जण खाणीत सरदार होता. पाळी सुरू व्हायच्या आधी छत तपासून मगच माणसांना आत सोडायचं, हे त्याचं काम. गडी डोंग्यात बसायचं सोडून हातातल्या काठीने गुहेचं छत ठोकायला लागला. ठण्ण वाजलं तर दगड पक्का, भद्द वाजलं तर सुटलेला. भद्द वाजलं. मग आम्हा तिघांनाही राहवेना, आम्हीही ठोकून पाहिलं. दर ठोक्याला दोन-चार वटवाघळं आमच्या डोक्यावरून बाहेर पळायची. सरदाराने खिशातून खडू काढला (निवृत्तीनंतरही हा माणूस खडू घेऊन फिरतो!) आणि दगडावर मोठी फुली मारली. फुलीच्या पुढे जायचं नाही, हा खाणीचा नियम.

डोंगेवाला आ वासून पाहत होता. "भाऊ, माह्या आज्यापासून हे छत असंच आहे. तुमी काऊन भेऊन राह्यले?"

"टेकू लावल्याशिवाय कोणी आत जाणार नाई," सरदाराने हुकूम सोडला.

टेकू किती लागतील यावर आम्ही भांडलो. सहा, असं मी छातीठोकपणे सांगितलं. मग या जंगलात सागवानाला हात कोण लावू देईल, यावर भांडलो. तेवढ्यात मागे पाणी हललं. चारही बायका डोंग्यात बसल्या होत्या आणि डोंगेवाल्याने वल्हं हातात घेतलं होतं.

"तुमी भांडा. आमी पाहून येतो," माझी बायको म्हणाली आणि मान वाकवून फुलीखालून आत गेली.

आधी त्यांचं हसणं ऐकू आलं, मग नुसतं वल्ह्याचं पाणी, मग तेही बंद. सरदार सारखा घड्याळ बघत होता. मी हाक मारली, तर माझीच हाक परत आली. मला भीती वाटली, चांगलीच वाटली. खाणीचा भोंगा अवेळी, म्हणजे अपघाताचा, वाजला की बायको धावत गेटवर येऊन उभी राहायची. मी वर आलो की सगळ्यांदेखत तिच्यावर खेकसायचो, कशाला आलीस म्हणून. ते सगळं आठवत मी गुडघाभर पाण्यात उभा होतो. पँट भिजली होती आणि एक चप्पल वाहून गेली होती.

डोंगा बाहेर आला तेव्हा मी त्याची कड दोन्ही हातांनी धरली.

"आत काय होतं?" माझा आवाज चिरका निघाला.

तिने पदराने तोंड पुसलं. "काई नाई. अंधार रायते," ती म्हणाली. "डबा सोडा, भूक लागली."