कस्टमर डेस्कवरून आलेली हाक

अशा गूढ अनुभवांची सदरं मी वर्षानुवर्षं वाचत आले, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. आमच्या घरात देवपूजा आहे, नवस-अंगारे कधीच नव्हते. कोणी काही सांगायला लागलं की मी आधी विचारायची, "तेव्हा जेवण किती वाजता झालं होतं?" आज स्वतः लिहायला बसलेय आणि कुठून सुरुवात करावी कळत नाहीये. नावं बदलली आहेत, बाकी घडलं तसं सांगते.

वसई पश्चिमेला, स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटांवर एक तीन मजली मॉल आहे. त्याच्या पहिल्या मजल्यावर कपडे आणि घरगुती सामानाचं मोठं चेन स्टोअर होतं. मी तिथे अकरा वर्षं होते, शेवटची चार फ्लोअर मॅनेजर म्हणून. सुरुवातीची वर्षं आठवली तर आता खोटी वाटतात. रविवारी विरार-नालासोपाऱ्यापासून कुटुंबंच्या कुटुंबं यायची. निम्मे लोक नुसते एसीत फिरायला आलेले असायचे. मुलं हरवायची, आज्या सरकत्या जिन्यासमोर अडून बसायच्या.

मुलं हरवली की ती सँड्राकडे आणली जायची. सँड्रा आमच्या कस्टमर डेस्कवर होती, भुईगावची. घरी आई आणि ती, मागे केळी-नारळाची छोटी वाडी. माइकवरच्या सगळ्या घोषणा तिच्या. आधी ती एक बारीक श्वास घ्यायची – तो स्पीकरवर ऐकू यायचा – आणि मग "कृपया लक्ष द्या". मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्हींत सारखाच शांत आवाज. रडणारी मुलं तो आवाज ऐकून गप्प व्हायची, हे मी स्वतः पाहिलंय.

मग हळूहळू सगळं उतरत गेलं. लोक फोनवरून मागवायला लागले. वरचं थिएटर बंद झालं, मग फूड कोर्ट. सरकता जिना बिघडला तो दुरुस्तच झाला नाही, लोक त्यावरून पायऱ्यांसारखे चढायचे. बाजूच्या गाळ्यांची शटरं एकेक करून खाली आली. शेवटी हेड ऑफिसचा मेल आला की स्टाफ कमी करायचा आहे, फ्लोअर मॅनेजरने दोन नावं कळवावीत.

एक माणूस तसाही नोकरी सोडणार होता. दुसरं नाव मी सँड्राचं दिलं.

मी माझं मलाच पटवलं होतं. घोषणा करायला गिऱ्हाईकच कुठे आहे... तिचं स्वतःचं घर आहे, वाडी आहे... बाकीच्या बायकांची मुलं लहान आहेत. तिला मात्र मी सांगितलं, "वरून यादी आलीय गं, माझ्या हातात काही नव्हतं." ती म्हणाली, "असू दे मॅडम, तुम्ही तरी काय करणार." जाताना तिने माइक फडक्याने पुसून ठेवला.

त्यानंतर तीन महिन्यांनी स्टोअरच बंद करायचं ठरलं. शेवटच्या आठवड्यातला मंगळवार होता, दुपारचे साडेतीन. सगळा माल खोक्यांत भरून भिवंडीच्या गोडाऊनला चालला होता. पोरी जेवायला खाली गेल्या होत्या. मजल्यावर मी आणि सिक्युरिटीचे यादव, दोघंच. एसी मॉलवाल्यांनी आधीच बंद केला होता म्हणून काचेचं मोठं दार सताड उघडं, बाहेर मॉलच्या काचेच्या छतातून आलेलं लख्ख ऊन. भीती वाटावी असं तिथे काहीही नव्हतं. मी खोक्यांवर लेबलं चिकटवत होते.

छतातल्या स्पीकरमधून श्वासाचा आवाज आला.

"कृपया लक्ष द्या. दर्शना मॅडम, आपण जिथे असाल तिथून कृपया कस्टमर डेस्कवर या."

सँड्राचा आवाज. तोच श्वास, तोच "आपण". कस्टमर डेस्क मजल्याच्या टोकाला, रिकाम्या रॅकच्या पलीकडे, माझ्या जागेवरून दिसत नव्हता. माझ्या मनात पहिलं आलं ते हे की ती भेटायला आली असेल आणि गंमत करत असेल. मग लक्षात आलं – माइक आणि ॲम्प्लिफायर आदल्या दिवशीच काढून खोक्यात भरलेले. ते खोकं माझ्या समोर होतं. त्याला टेपसुद्धा मीच लावली होती.

यादव दारातून म्हणाले, "मॅडम, आपको बुला रही है. सँड्रा आयी है क्या?"

म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं.

पुन्हा श्वास. पुन्हा तीच वाक्यं. तिसऱ्यांदा माझं नाव आलं तेव्हा मी हातातली लेबलं टाकून दाराकडे धावले. यादवांच्या बाजूने बंद जिन्यावरून खाली, थेट रस्त्यावर. यादवांनी नंतर डेस्कपर्यंत जाऊन पाहिलं. कोणी नव्हतं. काउंटरवरून वायरी लोंबत होत्या, बस. त्यांना मी म्हटलं, बीपी वाढलं म्हणून हवा खायला गेले. दुसऱ्या कोणाला एक शब्द बोलले नाही. नवऱ्यालाही नाही.

शनिवारी राहवेना म्हणून भुईगावला गेले. दार तिच्या आईने उघडलं. मला बघून त्या रडायलाच लागल्या.

"बरं झालं आलात बाई. हिचा आवाज गेलाय."

"कधीपासून?"

"मंगळवार. दुपारी जेवून झोपली ती चारला उठली. उठली तेव्हा तोंड हलतंय आणि आवाज नाही. ताप नाही, खोकला नाही, काही नाही."

सँड्रा आतल्या खोलीत खाटेवर बसली होती. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. आई पाणी आणायला गेली तेव्हा तिने फोन उचलून टाइप केलं आणि माझ्यापुढे धरला.

*मी तीनदा बोलावलं. तुम्ही दाराकडे का गेलात?*

 माझ्या तोंडून भलतंच निघालं. "सँड्रा, ते नाव मी दिलं होतं. वरून नव्हतं आलं."

तिने परत टाइप केलं. *माहीत आहे. तेच विचारायला बोलावलं होतं.*

आई पाणी घेऊन आली. तिने लेकीला त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं, सँड्राने नुसती मान हलवली. मी पाणी न पिताच उठले.

याला आता आठ महिने झाले. वसईत आणि मुंबईत मिळून तीन डॉक्टरांनी तिचा घसा तपासला. घशात दोष नाही, मनावरचा ताण आहे, येईल आवाज, असं ते म्हणतात. असेलही. नोकरी गेल्याचा ताण, आणि तो कोणी दिला हे मला ठाऊकच आहे. पण मग साडेतीन वाजता भुईगावात झोपलेल्या मुलीचा आवाज यादवांनी वसईच्या मॉलमध्ये कसा ऐकला? मी दाराकडे पळाले हे तिला कोणी सांगितलं? मी खूप डोकं लावलं. मला काहीही सुचलेलं नाही. कोणी जाणकार असतील तर सांगावं, पण "भास असेल" एवढं म्हणू नका, ते मी स्वतःला सांगून बघितलंय.

मी महिन्यातून एकदा जाते. सँड्रा बसते समोर, राग दाखवत नाही, काही टाइपही करत नाही. गेल्या खेपेला तिची आई मला फाटकापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "बाई, तुमच्या दुकानात तिच्या आवाजाची टेप असेल ना एखादी? मिळाली तर द्या. मला ऐकायचाय."

मी त्यांना सांगितलं की तशी टेप कधी केलीच नव्हती. ती रोज स्वतःच बोलायची.